जिभेवरचं बिऱ्हाड

दादाच्या घरून फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात दुकानाचं शटर उघडत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, जल्दी या. हे उठून न्हाई राह्यले." दीड महिना होत आला, ते वाक्य कानातून जात नाही.

माझा हा थोरला भाऊ कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. माणसाच्या जिभेवर राहणाऱ्या जिवाणूंचं त्याला भारी वेड. दरवर्षी हुरड्याला आम्ही आष्टीच्या शेतात जमायचो, तेव्हा हा पठ्ठ्या सकाळी कुणाला चूळ भरू द्यायचा नाही. आधी जीभ काढा, कापसाची काडी फिरवू द्या, मगच चहा. एका वर्षी मायनं मिश्री सोडल्याचं सांगितलं. ती काडी तपासून पुढच्या हुरड्याला हा म्हणाला, "माये, तुह्या जिभेवर मिश्रीचं जुनंच बिऱ्हाड हाय की." माय म्हणाली, "मेल्या, तुला दुसरा धंदा न्हाई का?" आणि गुपचूप मिश्रीची डबी काढून ओट्यावर बसली.

तो सांगायचा, प्रत्येकाच्या जिभेवरचं बिऱ्हाड वेगळं. औषधानं ते उठतं, पण बरेचसे जुने भाडेकरू हळूहळू परत येतात. आणि वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोचं एकमेकांसारखं होत जातं. हे सांगताना तो वहिनींकडे बघून हसायचा. दोघं सकाळचा चहा एकाच कपबशीतून घेत... बशी त्याची, कप वहिनींचा.

तेराव्यानंतर वहिनींचा घसा सुजला, ताप चढला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दोन दिवसांनी बघतो तर गोळ्या तशाच उशाशी. मी चिडलोच. "वहिनी, हा काय पोरखेळ लावलाय?"

"माझ्या जिभेवर त्यांचंबी बिऱ्हाड हाय ना, भाऊजी? या गोळ्यांनी तेबी उठंल. मंग माझ्यापाशी काय राहील?"

मला रडू आवरेना. कसंबसं म्हणालो, "परत येतात म्हणायचा ना दादा."

"यायचे. पण तवा हे घरात होते..."

शेवटी, दादा रागावला असता म्हटल्यावर त्यांनी गोळी घेतली. औषध संपलं त्या सकाळी मी तिथंच होतो. वहिनींनी फळीवरून दादाची बशी काढली. दादा गेल्यापासून त्यांनी ती कुणाला घासू दिली नव्हती, तळाशी त्याच्या शेवटच्या चहाचा डाग वाळला होता. त्याच बशीत त्यांनी चहा ओतला आणि दादा प्यायचा त्या बाजूनं ओठ लावले.

इतके दिवस वाळलेल्या बशीत त्या बिऱ्हाडातलं काही जगत नाही, हे मला दादामुळेच माहीत होतं. मी त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.