काकूचं मारधाडीचं दुकान

"मार त्याले! डोक्यात मार! पण खुर्चीवर बसून मार!"

काकूची ही आरोळी तुम्ही ऐकली नसेल, तर तुमचे कान अजून कोरे आहेत. तळेगावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचे ट्रकवाले त्या आवाजाने ब्रेक दाबत, हे मी स्वतः पाहिलंय. एक ट्रक तर तिथूनच अमरावतीला परत गेला. माझी पिठाची गिरणी तिच्या दुकानाला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर बंदुका धडधडत, बॉम्ब फुटत, माणसं किंचाळत मरत. भिंतीच्या अलीकडे माझा अर्धा गहू नुसत्या हादऱ्यानेच दळून निघे.

दुकान व्हिडिओ गेमचं. नवरा गेल्यावर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान तिने असं फिरवलं होतं. टीव्हींसमोर पोरं खेळत आणि काउंटरवर जुन्या गेमच्या डिस्का विकायला मांडलेल्या असत. एकूण एक मारधाडीच्या. शेतीचा गेमही एक होता, पण तो कोणी घेत नसे. शेती घरी होतीच.

तिथे तिचा स्वतःचा कायदा चाले. शाळेत दोघांची जुंपली की बाकीची पोरं त्यांना मिरवत काकूकडे आणत. ती आधी दोघांचे कमरेचे पट्टे काढून घेई, मग दप्तरं तपासे. एकाच्या दप्तरातून सायकलची चेन निघाली.

"हे काय अभ्यासाले आणलं काबे?"

मग दोघांना शेजारी बसवून पडद्यावर एकमेकांवर सोडायची. रक्ताचे पाट, तुटलेले हात. एकाच्या गड्याचं मुंडकं उडालं की खटला संपला. त्यानंतर दोघांनी एकाच प्लेटीतला आलुबोंडा खायचा, हा नियम.

"काकू, मी नाई खात याच्यासोबत."

"मुंडकं उडवलं ना त्याचं? मंग आता त्याले जेवू घाल."

हे असं छान चाललेलं असताना सरपंचांनी ग्रामसभा बोलावली. अठराच्या आतल्या पोरांना मारधाडीचे गेम कोणी विकायचे नाहीत, खेळू द्यायचे नाहीत, असा ठराव. काकूची सगळी गिऱ्हाइकं अठराच्या आतली. ठराव पास झाला की शटर खाली, हे लहान पोरालाही कळत होतं.

एक बाई उठल्या. खऱ्या काळजीने बोलत होत्या, चेष्टा नव्हती. "माहा पोरगा झोपेत गोळ्या झाडते. ठो ठो करते. भेव वाटते मले."

काकूने आवाज खाली आणला. तो तिला आणता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. "बाई, तू त्याची माय होय. तू नाई म्हण, मी त्याले दारातूनच परत धाडीन. पण साऱ्या गावाच्या मायांचं नाई सरपंचानं काऊन म्हणावं?"

मग ती पुरुषांकडे वळली. "अन् तुम्ही! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जीपा भरून दगडांची जत्रा पाह्याले जाता. नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकाईचे डोके फोडतात. खरे दगड, खरं रक्त. पोट्टे खांद्यावर घेऊन दाखवता. तिथं कोणी वय इचारते काय?"

काकू जिंकलीच होती. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "याच्याच पोट्ट्यानं माह्या पोट्ट्याचा दात पाडला."

"आधी तुह्या पोट्ट्यानं ढकललं!"

बापांची जुंपली. बापांचे चुलते धावले, चुलत्यांचे साडू धावले. प्लास्टिकच्या खुर्च्या पाखरांसारख्या उडाल्या. एक चप्पल तर थेट आर्वीला उतरली. नाकं फुटली, सदरे फाटले, ग्रामसेवक टेबलाखाली गेला. सभा कशीतरी आटपावी म्हणून सरपंच ओरडले, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा!"

त्या क्षणी पटांगणात प्रत्येक पुरुषाचा हात वर होता. एकाची मूठ, दुसऱ्याची चप्पल, तिसऱ्याची खुर्ची. ग्रामसेवकाने टेबलाखालूनच मोजले. मारधाडीवरची बंदी प्रचंड बहुमताने मंजूर!

"माहा हात खाली होता," काकू म्हणाली. "तेवढं लिहून घ्या."

ठराव तिने पाळला. अठराच्या वरच्यांसाठी दुकान उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. मोठ्यांना ग्रामसभा होती.

पोरांची भांडणं मात्र शाळेतून बाहेर पडून सरळ नाल्यात जाऊ लागली. पट्टे आता काढून घेणारं कोणी नव्हतं. एका दुपारी बाजाराकडची आणि बसस्टँडकडची पोरं नाल्याच्या दोन काठांवर दगड घेऊन उभी आहेत, अशी बातमी आली. काकू धावली. मी पिठाच्याच हातांनी तिच्या मागे.

इथून पुढे मी एक शब्दही वाढवत नाही.

ती कोरड्या नाल्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. "ठेवा बे खाली!" म्हणाली. दगड आधीच सुटला होता. तो तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती वाळूत बसली आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटापर्यंत आलं. दोन्ही काठांवरचे दगड पटापट खाली पडले.

"कोणं मारला रे?" मी ओरडलो.

"नाव नोका सांगू," काकू म्हणाली. "मले नाई ऐकाचं."

वर्ध्याच्या दवाखान्यातून ती आली ती एका डोळ्याची होऊन. सरपंच हात जोडून उभे राहिले. "काकू, ठराव मागं घेतो. दुकान उघडा."

"पोट्टे आता माह्या तोंडाकडं पाह्यत नाईत, भाऊ. जमिनीकडं पाह्यतात. मंग पडद्याकडं कसे पाह्यतीन?"

तिची मुलगी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहते, ती न्यायला आली. टीव्ही गोधड्यांत गुंडाळून दोन्हीकडच्या पोरांनीच टेम्पोत चढवले. टेम्पो निघाला. शंभर पावलं गेला नसेल, तोच मागे धप्पकन आवाज झाला. दोन पोरांनी एकमेकांची गचांडी धरली होती. शेवटचा टीव्ही उचलताना धक्का कोणी दिला, यावरून.

टेम्पो थांबला. काकू उतरली. पदर खोचून चालत आली, दोघांच्या कानाखाली एकेक सणसणीत ठेवून दिली आणि परत जाऊन केबिनमध्ये बसली.

दोघे गाल चोळत तिच्याकडे बघत राहिले. थेट तोंडाकडे. टेम्पो वळणापलीकडे जाईपर्यंत.