ईटच्या माळावर चाकाची परीक्षा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी नऊ. हजर: मी, माझी धाकटी नणंद, परीक्षक म्हणून आमचे हे, आणि आमची जीप.

जूनमध्ये आम्ही दोघी नणंद-भावजय स्पितीला निघालोय. तिथं नुसते दगड, कोस कोस माणूस नाही, आणि गाडी चालवणार आम्हीच. मुक्काम, डिझेल, पाणी, गोळ्या, सगळ्याच्या याद्या वहीत तयार होत्या. यांनी मात्र अट घातली, "पंक्चर झालं तर तिथं कोण येणार? कुणाची मदत न घेता चाक बदलून दाखवा, मगच गाडी न्या."

म्हणून धाराशिवहून निघून ईटच्या पलीकडचा उजाड माळ गाठला. यांनी खुर्ची टाकली, घड्याळ लावलं. नणंद पान्यावर चढून उड्या मारायला लागली तेव्हा कुठं पहिला नट हलला. हसून हसून आमचं पोट दुखलं.

दुसऱ्या नटाला एक मोटारसायकल थांबली.

"काय झालं ताई?"

"काही नाही दादा, सराव चाललाय."

"पंक्चर हाय?"

"नाही."

"मंग चाक कशापायी काढताय?"

मी सांगेपर्यंत पाना त्यांच्या हातात! कसाबसा परत मागितला. ते पन्नास पावलं लांब जाऊन आमच्याकडं बघत बसले. मग एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यालाही हात जोडून लांब बसवला. चाक निघालं, स्टेपनी उचलली, तोवर शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. ती सरळ खुर्चीपाशी गेली.

"बाया घाम गाळत्यात आन् तू बसलायस व्हय? हात मोडलेत का रं?"

"मावशी, परीक्षा आहे."

"कुणाची? तुझी?"

नणंद तिथंच दगडांत फतकल मारून हसत सुटली. हे लालबुंद होऊन उठले, स्टेपनी चढवली आणि सगळे नट स्वतः आवळून टाकले.

गाडीत म्हणाले, "आजची परीक्षा धरायची नाही."

"मग नापास कोण झालं, दादा?" नणंदेनं विचारलं. त्यांनाही हसू आवरेना, पण अट काही सुटली नाही.

तेव्हापासून शोध सुरू आहे. सोनारीच्या वाटेवर भाविक, खाणीकडं डंपर, तलावाकडं म्हशी. गाडी थांबली तरी कुणी विचारायला येणार नाही अशी जागा या जिल्ह्यात शोधणे: वहीत एवढ्याच ओळीपुढं बरोबरची खूण नाही.