शेजारच्या नातवाची सुंता

बंगळुरात मल्लेश्वरममध्ये आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहायचं. घरातला कर्ता मुलगा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि शिकवलेलं घरीही पाळायचा. त्याच्या आईची तक्रार हीच होती. त्याला मुलगा झाला तेव्हा त्यानं जाहीर केलं, "सुंता आत्ता नाही. शरीर त्याचं आहे. मोठा झाला की तोच ठरवील."

म्हातारी तडक आमच्याकडे आली. माझे सासरे कोर्टातून निवृत्त झाले होते, पण न्यायनिवाड्याची हौस काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "बडी अम्मा, तुमचा मुलगा म्हणतो ते सरी, अगदी बरोबर आहे. न विचारता कुणाच्या अंगाला हात लावणं हा अन्याय."

तेवढ्यात मी आमच्या तान्ह्याला घेऊन बाहेर आले. बारशालाच टोचलेले त्याचे कान अजून लाल होते. म्हातारीनं ते नीट न्याहाळले आणि गोड आवाजात विचारलं, "इसकू पूछे थे क्या?"

मामंजींनी घाईघाईनं कॉफी मागवली. मीही हसू दाबत आत पळाले.

नातू सहा-सात वर्षांचा असताना चुलतभावाच्या सुंतेला जाऊन आला. तिथं हार, जरीची टोपी, घोड्यावरून मिरवणूक! "मला पण पाहिजे!" बापानं त्याला समोर बसवून सगळं समजावलं: काय कापतात, का कापतात, दुखतं किती. पोरानं शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घोडा पाहिजे. बाकीचं नको."

बाप शब्दाला जागला. रविवारी घोडा आला, पोरगं हार घालून आमच्या रस्त्यावरून मिरवलं. लोक म्हातारीला मुबारकबाद देत होते आणि ती हसत मिठाई वाटत होती. खरं काय ते आमच्या दोन घरांनाच ठाऊक.

"बडी अम्मा, हे खोटं नाही का?" मी तिच्या कानाशी पुटपुटले.

"मैं मिठाई बाँटी. मुँह से कुछ बोली क्या?"

पुढे पोरगं कॉलेजात गेलं. एका सुट्टीत मित्राकडे म्हणून राहायला गेलं आणि परत आल्यावर बापाला सांगितलं, हॉस्पिटलात जाऊन सुंता करून घेतली. दादीनं भरीला घातलं का, असं बापानं विचारलं. "नाही. मलाच वाटलं," एवढंच उत्तर.

संध्याकाळी प्राध्यापकमहाशय कुंपणापाशी मला हे सांगत होते. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला.

"अक्का, निदान मला विचारायचं तरी!"