पोह्यांऐवजी टाको

पोह्यांचा ट्रे घेऊन मी तीनदा पाहुण्यांपुढं गेले. तिसऱ्या वेळी मुलाच्या आत्यानं, स्वतःचे गुडघे चोळत, मला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, "गुडघे तुमचे दुखतायत, मी कशाला चालू?" ते स्थळ अर्थातच गेलं. वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही मग जाहीर करून टाकलं की यापुढं ज्यांना मला बघायचं असेल त्यांनी बाहेर भेटावं, आणि मी कुणाला काहीही वाढणार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सांगलीत एका शाळेत गणित शिकवत होते. वडिलांचं तरुणपण जतकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं, नंतर ते माधवनगरच्या गिरणीत लागले. आई नुकतीच गेली होती, त्यामुळं माझं लग्न ही त्यांची एकट्याची काळजी झाली होती. "तुझ्या अटी ऐकून कोन येनार हाय गं?" असं ते रोज विचारत.

पण एकजण आला. आमच्यातलाच, मूळचा पाटणकडचा, पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिक्षक. साताऱ्याला शिक्षकांच्या शिबिरात आम्ही अपूर्णांक कसे शिकवावेत यावरून कडाकडा भांडलो होतो. हरल्यावर तो मनापासून हसला होता. मध्यस्थानं माझी अट त्याच्या कानावर घातली, तर त्यानंच निरोप धाडला, की आईवडिलांना घेऊन येतो, पाचगणीत एक मेक्सिकन हॉटेल निघालंय, तिथं भेटू. खरं सांगायचं तर हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं. आणि ते न वाढता व्हावं, असंही तितकंच वाटत होतं.

हॉटेल म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची पत्र्याची खोली. मालक बोटीवर स्वयंपाकी होता, जग फिरून आलेला. त्यानं टेबलाच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या पातळ भाकऱ्यांची टोपली ठेवली. भोवती वाडगे मांडले. कांदा-लसूण मसाला घातलेला राजमा, चिरलेला कोबी, किसलेलं चीज आणि स्ट्रॉबेरी-हिरव्या मिरचीची चटणी.

"याला टाको म्हणतात," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं आपापलं भरून घ्यायचं."

तो आत गेला. मुलाचे वडील टोपलीकडं बघत होते, माझे वडील माझ्याकडं. मुलाची आई डोक्यावरचा पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून बसली होती.

"पोरीला वाढाया सांगा की पाव्हणं," मुलाचे वडील म्हणाले.

"वाढ की गं," माझे वडील पुटपुटले.

"मालकांनी आत्ताच सांगितलं ना, ज्यानं त्यानं घ्यायचं," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा चांगलाच ठणठणीत निघाला.

मुलानं हसू दाबत स्वतःची ताटली ओढली आणि टाको भरला. त्याचं बघून माझ्या वडिलांनीही घेतला. पहिला घास खाल्ल्यावर त्यांचा चेहराच उजळला. "आवं पाव्हणं, मेंढरामागं चालताना आमी भाकरी अशीच गुंडाळून खायचो. बसाया कवा मिळायचं!" मग मुलाच्या वडिलांनाही राहवलं नाही. त्यांचा टाको खालून फुटला, राजमा सदऱ्यावर सांडला, मिशीला चटणी लागली. पण बैठकीतला ताठा तेवढा सैल झाला.

मुलाच्या आईची ताटली मात्र कोरीच. मी मनात म्हटलं, म्हणजे ही बाई हट्टाला पेटलीय, मी वाढेपर्यंत घास घेणार नाही. ठीक आहे, मीही घट्ट आहे. मी तिच्याकडं बघत बघत दोन टाको खाल्ले.

मालक येऊन तिला म्हणाला, "आई, तुम्हाला आवडलं नाही का? दुसरं काही करू?"

"आवडंल की. आदी समद्यांचं होऊ द्या," ती म्हणाली. "मग मी घेते."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिची नजर टोपलीवर होती. कुणाचा हात टोपलीत गेला की तिचा पुढं येऊ पाहणारा हात परत मांडीवर जायचा. अखेर सगळे थांबलेत असं वाटल्यावर तिनं तळाशी उरलेला भाकरीचा मोडका तुकडा उचलला आणि रिकाम्या होत आलेल्या वाडग्याच्या कडेला लागलेला राजमा त्यानं पुसायला लागली.

माझी आई अशीच जेवायची. सगळे उठल्यावर, चुलीपाशी, तव्यावर उरलेलं. तव्यावरची गरम भाकरी तिनं खाल्ली ती फक्त शेवटच्या आजारपणात, मी करून दिली तेव्हा. तेव्हा तिला ती गिळवत नव्हती.

मी मालकाला गरम भाकऱ्या आणि राजमा आणायला सांगितलं. पहिली भाकरी मी उचलली, दाबून राजमा भरला, वर चीज, चटणी, आणि नेऊन तिच्या ताटलीत ठेवली. मी कुणाला वाढणार नाही म्हटलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमी घ्या आदी," ती दचकून म्हणाली.

"आमचं झालं. गरम आहे तोवर खा."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, आणि मग खाल्लं. अगदी सावकाश खाल्लं. "लय झणझणीत हाय," असं म्हणत तिनं नाक पुसलं आणि दुसरी भाकरी आपल्या हातानं उचलली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते मी पाहिलं याचा मला आनंद झाला.

निघताना मुलाचे वडील ठरलेलं बोलले. "घरी जाऊन इचार करून कळीवतो."

"मीही कळवते," मी म्हटलं. "मुलाचं काय ते सावकाश बघू. सासू मात्र मला पसंत आहे."

माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मुलाचे वडील घसा खाकरायला लागले. त्यांचं बोलून व्हायची वाट न बघता, पदरानं तोंड पुसत, सगळ्यांच्या आधी तीच बोलली.

"आवं, मला पोरगी पसंत हाय. माझं मी घेतलं. आता तुमचं तुमी बघा."