वृंदाच्या यादीतला नववा

हेमंतचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या दुकानात भेंडी निवडत होते. शनिवारची दुपार होती. "शैला, वृंदा गेली," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "आज कुठल्या ग्राउंडवर?"

हेमंतने माझं नाव पुन्हा घेतलं. मग मला कळलं. नऊ वर्षं दर शनिवारी-रविवारी वृंदा जायचीच कुठेतरी, बेसबॉल बघायला. त्यामुळे तिच्या मरणाची बातमी मला पहिल्या झटक्यात समजलीसुद्धा नाही. चहा करता करता उभ्या जागी कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. वय एकोणपन्नास. पाच आठवडे झाले आता, सगळे मला म्हणतात, शांत हो. मी शांत होणार नाहीये. निदान हा लेख लिहून होईपर्यंत तरी नाही.

वृंदा डोंगरे नागपूरची. वडील जिल्हा क्रिकेटचे स्कोअरर, आणि ही आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून दुसरी वही भरायची. पुढे स्टॅटिस्टिक्स घेऊन एमएस्सी केलं, कॉलेजात शिकवलं, आणि लग्न करून हेमंतच्या मागे अमेरिकेत, अल्फारेटाला आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तेव्हा इथे नोकरी करता येत नव्हती. वर्षानुवर्षं ही हुशार बाई मुलीला शाळेत सोडायची, आणायची आणि घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकसाठी मसालेभात करायची. एकदा मुलीच्या, इराच्या, वर्गाची ट्रिप तासाभरावरच्या एका छोट्या स्टेडियममध्ये गेली. मदतीला म्हणून वृंदा सोबत गेली. येताना तिचा चेहरा असा होता की जणू माहेरी जाऊन आली.

ते मायनर लीगचं मैदान होतं. मोठ्या क्लबांची ही खालची फळी. वीस-बावीस वर्षांचे खेळाडू बसने गावोगाव फिरतात, वर बोलावणं येईल म्हणून खेळत राहतात, आणि बहुतेकांना ते येत नाही. यातले कोण वर जातील याच्या याद्या करणारी एक वेगळी दुनिया आहे. प्रत्येकाच्या फटक्याला, फेकीला, धावण्याला वीस ते ऐंशीमध्ये गुण द्यायचे. पन्नास म्हणजे बरा. वृंदाने हे सगळं एकटीने शिकून घेतलं. ब्लॉग लिहिला. मग एका नावाजलेल्या वेबसाइटने तिला बोलावलं. आमच्या भागातल्या क्लबच्या तीस होतकरू खेळाडूंची यादी दर वर्षी ती करू लागली.

आणि आम्ही काय केलं? गणपतीच्या जेवणाला कुणीतरी म्हणालं, "वृंदा काय, मैदानावर पोरं बघत हिंडते." सगळे हसले. मीही हसले. वृंदा हातातली कोशिंबीर वाढत राहिली. "बघते ना," ती म्हणाली, "नीट बघते. तुम्ही आपल्या मुलांना कधी इतकं नीट बघितलंय का?" हसणं थांबलं, पण माझं हसून झालं होतं. तिने मला शंभरदा बोलावलं असेल. मी एकदा गेले, तीन तास फोन बघत बसले. माझा सगळा राग दुसऱ्यांवर आहे असं कुणी समजू नये.

तर हेक्टर. हेक्टर हा कॅचर. आपला विकेटकीपर म्हणा. बुटका, डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला, आणि दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याची फलंदाजी इतकी वाईट होती की कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. वृंदाने त्याला नववा ठेवला. मी विचारलं, का गं? तेव्हा तिने मला एकटीला सांगितलं. "त्याचा डावा अंगठा दुखावलाय. ग्लोव्हही त्याच हातात आणि बॅटची मूठही तोच हात सांभाळतो. परवा पाण्याची बाटली दातांनी उघडली त्याने. क्लबला सांगत नाहीये, घरी पाठवतील म्हणून घाबरतोय. अंगठा बरा होऊ दे, मग बघ."

"मग लिही ना तसं."

"वेड लागलंय का? मी लिहिलं की दुसऱ्या दिवशी क्लब वाचणार. त्याने जे लपवलंय ते मी कशी उघड करू?"

त्या यादीवरून व्हिडिओ कॉल झाला तेव्हा मी तिच्या किचनमध्ये कोथिंबीर निवडत होते, म्हणून मी साक्षीदार आहे. साइटचा संपादक डग. गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, आकडे याच्या विरुद्ध आहेत, आमचं मॉडेल याला पहिल्या शंभरातही धरत नाही, तुझ्याकडे पुरावा काय? वृंदा म्हणाली, "मी त्याच्या बावीस मॅचेस पाहिल्या. तुम्ही किती पाहिल्या?" त्याने एकही पाहिली नव्हती. डग हसला. म्हणाला, "वृंदा, राग मानू नकोस, पण तू या खेळात लहानाची मोठी झालेली नाहीस."

मला वाटलं, आता ही लॅपटॉप बंद करेल. ती एवढंच म्हणाली, "यादी बदलायची असेल तर माझं नाव काढा." दोन दिवसांनी यादी छापून आली. हेक्टर गायब, आणि वर ठसठशीत अक्षरांत वृंदाचं नाव. तिने तीन ईमेल केल्या. एकीचंही उत्तर नाही. त्या अंगठ्याबद्दल एक वाक्य लिहिलं असतं तर ती जिंकली असती, आणि ते वाक्य तिने लिहिलं नाही. त्या साइटसाठीही पुन्हा कधी लिहिलं नाही. क्लबने हिवाळ्याआधी हेक्टरला काढून टाकलं, तेव्हा डगने तिला फक्त बातमीची लिंक पाठवली. सोबत एक स्मायली.

या एप्रिलमध्ये हेक्टर मोठ्या लीगमध्ये खेळला. दुसऱ्याच एका क्लबकडून. वृंदाच्या सोफ्यावर बसून आम्ही पाहिलं. फलंदाजीच्या दुसऱ्याच खेपेला त्याने चेंडू सीमेवरच्या भिंतीवर आपटला. मी ओरडले. वृंदा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्याचा हात बघत होती. "मूठ पूर्ण मिटतोय," ती म्हणाली, आणि डोळे पुसून कुकर लावायला उठली.

दोन महिन्यांनी ती गेली, आणि चौथ्या दिवशी त्या साइटवर डगने श्रद्धांजली लिहिली. 'आमची लाडकी सहकारी.' 'तिची पारखी नजर.' आणि मग हे वाक्य: 'हेक्टरला सर्वांत आधी ओळखण्याचा मान वृंदाला आणि आम्हाला मिळाला, याचा अभिमान वाटतो.' आम्हाला! मी ते वाक्य हेमंतला मोठ्याने वाचून दाखवलं. तिची मूळ यादी त्याच्याकडे होती, ती जोडून मी डगला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. माझ्या दुःखात तो सहभागी आहे, आणि अशा काळात माणसं रागावतात हे तो समजू शकतो. वाक्य अजून तिथेच आहे.

गेल्या रविवारी इरा म्हणाली, "मावशी, मॉमचं सीझन तिकीट आहे. चलतेस?" सतरा वर्षांची आहे इरा. गाडीत म्हणाली, "आय डोन्ट ईव्हन लाइक बेसबॉल." मी म्हटलं, मलाही नाही आवडत. वृंदाची खुर्ची कॅचरच्या थेट मागे, चौथ्या रांगेत. तिथे इरा बसली, शेजारी मी. भर उन्हात दोघी त्या माणसांकडे बघत बसलो, कुणाची मूठ मिटते, कुणाची नाही... काही कळत नव्हतं.

तिसऱ्या डावानंतर पुढच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा मागे वळला. गळ्यात स्टॉपवॉच. एका क्लबसाठी खेळाडू हेरायचं काम करतो म्हणाला. "इथे बसणाऱ्या बाई कुठे आहेत?" इराने सांगितलं. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "हेक्टरला क्लबने सोडलं त्या आठवड्यात या बाईंनी मला इथेच गाठलं होतं. म्हणाल्या, त्याला घ्या आणि आधी अंगठ्याचा एक्स-रे काढा. आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली निवड आहे ती."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट कानशिलं तापली. "हे कुणाला सांगितलंत तुम्ही?" मी विचारलं. "कुणालाच नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं पुढेमागे बसलो, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही मी. काय नाव होतं?"

इराने सांगितलं. त्याने खिशातली वही काढून लिहिलं. इरा वाकून बघत होती. त्याने लिहिलं होतं 'ब्रेंडा'.

"नो," इरा म्हणाली. त्याच्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि खाली एकेक अक्षर उच्चारत आईचं नाव लिहिलं, आडनावासकट. मग वही त्याच्यापुढे धरून म्हणाली, "आता वाचा."

तो चुकला. तिने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा चुकला. मैदानावर चौथा डाव सुरू झाला होता, आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघत होते, पण इराने वही खाली केली नाही. तिसऱ्यांदा त्याला जमलं.