थांबाताईचा तास

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी मोडक्या खाटा टाकत, त्या खोलीत आता चार आरामखुर्च्या होत्या. श्वासाच्या साथीतले रोगी मागच्या दारानं येत, सुईवाटे शिरेत अँटिबॉडीची पिशवी घेत आणि घरी जात. आजार छातीत उतरण्याआधीच हे औषध द्यायचं. नंतर ते देऊन उपयोग नसे. खोली एका परिचारिकेच्या ताब्यात होती. तिला सगळे थांबाताई म्हणत.

हे नाव तिनं कमावलं होतं. पिशवी संपली की रोगी चपला शोधायला लागे आणि ती म्हणे, थांबा. पुढे तासभर बसायचं. पुरळ, हुडहुडी, धाप, औषध उलटायचं तर बहुधा याच तासात. कुणी गयावया करी, कुणी मोठ्या डॉक्टरांची ओळख सांगे. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवी. मिनिटभर आधी तिनं सख्ख्या सासूलाही सोडलं नव्हतं, आणि सासू ते अजून विसरली नव्हती.

एका दुपारी मागच्या दारानं तिचा थोरला भाऊ आत आला.

घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. मालवाहू गाड्यांचा धंदा. माल वेळेवर पोचला पाहिजे, माणसं राहिली मागे तर राहोत. आई गेली तेव्हा ताई कामावरून निघाली होती, वाटेत आहे असं तिनं कळवलंही होतं. भाऊ थांबला नाही. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता. आईचं शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, हे तिला अजून जाळत होतं.

ताईच्या तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, अंगात पायघोळ गाऊन. त्यानं ओळखलं नाही आणि तिनंही ओळख दिली नाही. हे औषध हलवून चालत नाही, बाटली अलगद कलती करायची. तिनं ती सावकाश कलती केली, औषध पिशवीत भरलं. मग सुई लावली.

पिशवी रिकामी झाली तसा तो उठला. गाड्या खोळंबल्यात, लिहून देतो, जबाबदारी माझी, म्हणाला. दम्याचा जुना माणूस, वाटेत धाप लागली तर सांभाळणार कोण, ताईच्या मनात आलं.

"थांब, दादा," ती म्हणाली.

तो मटकन खाली बसला. तिनं स्टूल ओढलं आणि त्याची नाडी धरली. मोजून झाल्यावरही मनगट सोडलं नाही.

"त्या दिवशी लोक घाई करत होते," तो म्हणाला. मग मान हलवली. "लोक कसले, मीच. मला बघवत नव्हतं तिच्याकडे. उरकायचं होतं एकदाचं. थांबायला हवं होतं गं मी."

चष्म्याआड डोळे पुसता येत नाहीत. तिनं पाणी वाहू दिलं. राग गेला असं नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिला एकटीला वाहावा लागत नव्हता. हळूहळू बोलणं आईवर आलं, तिच्या नेहमी चष्मा हरवण्यावर आलं, आणि दोघंही हसली.

"झाला का गं तास?" त्यानं विचारलं.

घड्याळ त्याच्या अगदी समोर होतं. तास केव्हाच उलटला होता.

"अजून दहा मिनिटं आहेत," थांबाताई म्हणाली.

त्यानं घड्याळ नीट पाहिलं.

"असतील," तो म्हणाला, आणि पाय लांब करून बसला.