शून्य नंबरचा चष्मा

ऋतुजा तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचत होती, आणि तिच्या डोळ्यांवर होता शून्य नंबरचा चष्मा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाचोऱ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. खोली लहान, म्हणून वाचायचा तक्ता हॉलमध्येच टांगलेला. ऋतुजा नववीतली. वर्गात फळ्यावरचं दिसत नाही, ही तक्रार. पहिल्यांदा ती तिसऱ्या ओळीलाच अडखळली. मशीन मात्र म्हणत होतं, डोळे ठणठणीत. अशा वेळी आमची एक युक्ती असते. तपासणीच्या जड फ्रेममध्ये एक प्लस आणि तेवढ्याच नंबरची एक मायनस काच घालायची. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, उरतं शून्य. वर म्हणायचं, “ही काच भारी आहे हं, आता दिसेल.” आणि दिसतं!

“आबा,” मी तिच्या आजोबांना भर हॉलमध्ये सांगून टाकलं, “डोळ्यांना काही झालेलं नाही. पोरगी नाटक करते.”

ऋतुजाचा चेहरा पडला. तिच्या मुठीत केसपेपरचा पार बोळा झाला होता. तो मला आधीच दिसला होता, पण मी काचांच्या नादात होतो.

आबा अहिराणीत भडकले. “डोया जाई ऱ्हायनात म्हणीसन मी इतला लांब पयत उनू, अन हाई नाटकं करस? बस्स! सोमवारपाईन शाळा बंद!”

आवाज ऐकून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बॉस त्या बॉस. त्या माझ्याकडे वळल्या.

“नाना, किती दिसतं ते तपासलंत. कधी दिसत नाही, ते विचारलंत?”

विचारलं नव्हतं. मॅडम ऋतुजाशेजारी बाकावर बसल्या. हळूहळू कळलं ते असं: गणिताचे सर फळ्यापाशी बोलावतात तेव्हाच तिची छाती धडधडते, हात ओले होतात, आकडे पुसट होतात. गणिताचा तास असेल त्या सकाळी पोटही दुखतं.

“हे नाटक नाही, नाना. भीती एवढी वाढते की त्या वेळी तिला खरंच दिसत नाही.”

“फयाले काय भेवानं?” आबा गुरगुरले. “एरवी लांबनी यष्टीनी पाटी मले वाचीसन सांगस!”

“तुम्हाला का सांगावी लागते?”

आबा डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

“नाना, आबांचाही नंबर काढा.”

एव्हाना हॉल भरला होता. आबांच्या नाकावर फ्रेम चढली तशा दहा-बारा माना वळल्या. आबा चौथी पास. पहिलं अक्षर तळहाताएवढं. आबांनी डोळे ताणले. मग म्हणाले, “दिखत नही.” मी काच बदलली. दिखत नही. आणखी एक बदलली. तेच. मग माझं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं. तिथेही केसपेपरचा बोळा!

ऋतुजा उठून त्यांच्याजवळ गेली. “आबा, घाई नको करू. चुकनं तरी चालस.”

आबांनी घाम पुसला. एक चुकवत, दोन चुकवत चौथ्या ओळीपर्यंत मजल मारली. कोणी हसलं नाही. फ्रेम काढून ते नातीकडे वळले.

“तुले असंच व्हस का वं?”

तिने मान डोलावली. शाळा बंद करायचा विषय तिथेच मिटला. मी ऋतुजाची माफी मागितली. बावीस वर्षांची घमेंड गिळायला जरा जड गेली.

मॅडमनी तिला जळगावच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं आणि शाळेत सरांना स्वतः फोन केला. ठरलं ते असं: आधी बाकावरून उत्तर, मग मैत्रिणीसोबत फळ्यापाशी, मग एकटीने. ढकलायचं नाही, आणि कायमची सूटही द्यायची नाही.

तीन महिन्यांनी दोघं परत आले. आबांचा नवा चष्मा नाकावर सैल होत होता.

“काका, मी एकटीने फळ्यावर गणित सोडवलं,” ऋतुजा म्हणाली.

“बरोबर आलं?”

“चुकलं!” ती खळखळून हसली.

आबांनी चष्मा वर सारला. “चुकनं, तं काय व्हयनं? काहीच नही!”

हल्ली कुठलंही पोर तपासायला बसलं की मी काचांची पेटी जरा उशिरा उघडतो. आधी मूठ बघतो.